चुकार सभासदांचा फलक

वारज्याच्या ‘सौजन्य’ सोसायटीला चेअरमन होते, खजिनदार होते, पण राज्य होतं सेक्रेटरी साईनाथरावांचं. उभी हयात सरकारी कचेरीत लोकांना ‘उद्या या’ सांगण्यात गेलेली. निवृत्तीनंतर घरात त्यांचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. बायको टीव्हीचं ऐके आणि टीव्ही कोणाचंच ऐकत नसे. माणसं अजून त्यांच्यासमोर हात बांधून उभी राहत ती एकाच जागी, सोसायटीच्या ऑफिसात, आणि ते ऑफिस दर निवडणुकीत बिनविरोध त्यांच्याकडे येई. इतर सभासदांची तेवढी लायकी नाही, असं त्यांचं मत होतं. इतर सभासदांचं मत त्यांनी विचारलं नव्हतं.

सोसायटीची वेबसाइट झाली. पावतीपासून निवडणुकीच्या अर्जापर्यंत सगळं लॉगिनच्या आड गेलं, आणि साईनाथरावांना सुरक्षेचा झटका आला. त्यांनी शेजारच्या इमारतीतल्या आम्रपालीला बोलावलं; वेबसाइट बांधणं हा तिचा व्यवसाय. तिने एक प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचं तयार साधन, बसवलं. तीनदा पासवर्ड चुकला की खातं काही वेळ बंद. वर तिने भाबडेपणाने समजावूनही सांगितलं, की याच्यात ठिकठिकाणी हुक असतात, म्हणजे खुंट्याच. अमुक घडलं की तमुक कर, असं आपलं काम त्यांवर टांगता येतं. आणि शॉर्टकोड म्हणजे चौकटी कंसातला एक शब्द. पानावर टाकला की तिथे अख्खा तक्ता उभा राहतो.

पुण्यात ज्याला भिंत मिळते तो तिच्यावर सूचना लावतो. साईनाथरावांना तर कधी न संपणारी भिंत मिळाली होती. त्यांनी ठरवलं, वेबसाइटच्या पहिल्याच पानावर ‘चुकार सभासद’ असा फलक हवा. नाव, फ्लॅट, आणि पासवर्ड म्हणून त्या महाभागाने नेमकं काय टाइप केलं ते.

“काका, टाइप केलेलं नका दाखवू,” आम्रपाली म्हणाली. “माणूस एखाद्या अक्षरानेच चुकतो. बघणाऱ्याला खरा पासवर्ड कळेल.”

“मग नीट बघून टाइप करतील. आणि अपवाद कोणालाही नाही.”

तिने हे मेलवर लेखी मागितलं. साईनाथरावांनी कलमवार पाठवलं, समितीने नेहमीप्रमाणे न वाचता होकार कळवला, आणि फलक लागला.

पहिल्या झळकल्या तळमजल्यावरच्या सुंदराबाई. त्यांनी पासवर्डात यजमानांचं नाव ठेवलं होतं, आणि ते इंग्रजीत तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहिलं होतं. गेलेल्या नवऱ्याचं जे नाव बाईंनी जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं, ते आता सगळी सोसायटी चहाबरोबर वाचत होती.

“अहो, ह्यांचं नाव तेवढं काढा,” त्या म्हणाल्या.

साईनाथरावांनी त्यांना नियम म्हणजे काय ते ऐकवलं, आणि बदाम खायचा सल्ला दिला. बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. पुन्हा नियम. महिनाभर हेच चाललं.

मग निवडणूक आली. उद्या अर्जाची मुदत संपणार, आणि साईनाथरावांच्या कानावर आलं की दत्तोबा उभे राहणार म्हणतात. दत्तोबा म्हणजे ज्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी आहे ते. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट घेऊन इथेच राहणारे, आणि साईनाथरावांच्या लेखी अजून बांधावरच बसलेले. दाखल होईपर्यंत अर्ज सेक्रेटरीलाही दिसत नसे; दत्तोबांनी तो भरायला घेतलाय की नाही, हे त्यांच्या खात्यात शिरल्याशिवाय कळणार नव्हतं. दुपारी ऑफिसचं दार लोटून साईनाथराव दत्तोबांच्या नावाने लॉगिन करायला बसले. असल्या माणसाचा पासवर्ड काय असणार? त्यांनी टाइप केलं: म्हैस. नाही. बैलगाडी. नाही. शेवटी कपाळाला आठ्या घालून: अंगठा.

फलकाचा विचार त्यांच्या मनात आला नाही. फलक चुकणाऱ्यांसाठी होता. ते अंदाज बांधत होते.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तिन्ही शब्दांचे फोटो फिरू लागले. दत्तोबा लॉगिन विसरले, असंच सगळ्यांना वाटलं. दत्तोबांनाही वाटलं की नातीने खेळ केला असेल. तिथे गोष्ट मिटली असती. पण साईनाथरावांनी घाम पुसत आम्रपालीला फोन लावला, की फलक आत्ताच्या आत्ता उतरव.

“काका, नियम?”

“उतरव म्हटलं ना.”

चौकटी कंसातला एक शब्द तर पुसायचा होता. फलक गेला, आणि मग ‘सौजन्य’ सोसायटी विचार करू लागली. जो माणूस म्हाताऱ्या बाईसाठी महिनाभर हलला नाही, तो ज्यांना पाण्यात पाहतो त्या दत्तोबांसाठी चहा उकळायच्या आत कसा विरघळला?

दुसऱ्या दिवशी दत्तोबा ऑफिसात आले. मागे सुंदराबाई होत्या, आणखी पाचसहा जण होते. कोणी आवाज चढवला नाही.

“साईनाथराव, मी उभा राहणारच न्हवतो,” दत्तोबा म्हणाले. “इचारलं असतं तर सांगितलं असतं. पासवर्ड पण सांगितला असता. आज सकाळी भरलाय अर्ज. बघा, नीट हाय का.”

अर्ज तपासून मंजूर करण्याचा अधिकार एकट्या सेक्रेटरीचा होता. तो इतर कोणाला मिळू नये अशी त्यांनीच तजवीज करून घेतली होती. साईनाथरावांनी अर्ज वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. आयुष्यभर लोकांच्या अर्जांत खोट काढलेला माणूस. त्यांनी जन्मतारीखसुद्धा बोटांवर मोजून पाहिली. अर्ज बिनचूक होता.

“मंजूर कुठं दाबायचं असतं?” सुंदराबाईंनी वाकून विचारलं.

साईनाथरावांनी दाबून दाखवलं.