घरातल्या सपाता

बबडी बापाला बघितलं की टाटा करायची. तो निघाला की करायची ते ठीक, पण संध्याकाळी दारातून आत आला तरी हात हलवायची. सव्वा वर्षाचं पोर ते, त्याला कोण समजावणार!

बोल लावायचाच तर आत्याला लावावा लागला असता. बबडीची आई गेल्यापासून तीच घर सांभाळत होती. रोज सकाळी भावाने बूट चढवले की ती पोरीला कडेवर घेऊन म्हणायची, "बाबा चालले बघ. टाटा कर."

बाप धुलाईच्या कारखान्यात कामाला. चादरी एका ढिगात, टॉवेल दुसऱ्यात, डागाळलेलं वेगळं. हात आपोआप चालायचे, डोकं बंद. घरी आला की बूट काढायचंही त्राण नसायचं, तसाच खुर्चीत बसून राहायचा. रात्री आत्या ओरडली की मग काढायचा.

आत्यालाही तिचं घर होतंच. "हिला घेऊन जाते," ती एकदा म्हणाली. "तुझ्याच्याने नाही व्हायचं. जेवलास की नाही तेही तुला आठवत नाही."

"ने," तो म्हणाला. पोरगी बघताक्षणी निरोप देते, तिला नेली काय अन् ठेवली काय. एवढं मनात येऊनही त्याला काहीच वाटलं नाही. वाटत नाही याची मात्र भीती वाटली.

निघायच्या सकाळी तो पलंगाच्या कडेला अनवाणी बसून पोरीच्या बॅगेची चेन लावत होता. बबडी लुटुलुटु चालत दाराजवळच्या चपलांच्या मांडणीपाशी गेली. बापाचे बूट दिसले, त्यांना टाटा केला. आत्याचे सँडल दिसले, त्यांनाही केला. मग वळून बापाच्या उघड्या पायांकडे बघत राहिली. हात काही हलला नाही.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "ही बुटांना करते होय!"

तोवर बबडीने खालच्या कप्प्यातून आईच्या सपाता ओढून काढल्या होत्या. घरात घालायच्या, मऊ, निळ्या. त्या कधी उंबऱ्याबाहेर गेल्याच नव्हत्या, आणि टाकून द्यायचा धीर कुणाला झाला नव्हता. त्यांना तिने टाटा केला नाही. एकेक करून फरफटत आणल्या, बापाच्या पायाशी टाकल्या आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.

त्याने पाय घातले. टाचा चांगल्या चार बोटं बाहेर राहिल्या. बबडी खुदकन हसली आणि त्याच्या गुडघ्याला बिलगली. त्याच्या पोटात काहीतरी दुखलं. कितीतरी दिवसांनी दुखलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"आण तिला," आत्या म्हणाली.

त्याने बॅग उघडली आणि फ्रॉक बाहेर काढायला सुरुवात केली. "तू नीघ, ताई," तो म्हणाला. "जमेल तसं बघतो मी."

आत्याने डोळे पुसून सँडल घातले. बबडीने बापाच्या मांडीवरूनच तिला टाटा केला.