चार तासांची बढाई

डॉक्टरबाई आईच्या हातावरची भाजलेली कातडी साफ करत होत्या आणि माझे वडील हसत होते.

"ऐकलंत का डॉक्टर? उभ्या उभ्या झोपली! हातात तापलेली इस्त्री, आणि बाईसाहेबांची डुलकी!"

आई लाँड्रीत इस्त्री करायची. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पांढरे कोट, सगळं दिवसभर उभ्यानं. त्या दुपारी तिचा डोळा लागला आणि इस्त्री डाव्या मनगटावर टेकली. करपल्याचा वास आला म्हणून शेजारची बाई किंचाळली, तेव्हा कुठे आईला जाग आली.

"झोप नीट होते का हो तुमची?" डॉक्टरबाईंनी आईला विचारलं.

उत्तर बाबांनी दिलं. "आमच्या घरात लोळायची पद्धत नाही. मी स्वतः चार तासांच्या वर झोपत नाही. झोप म्हणजे आळशांची चैन."

हातातल्या मळक्या बोळ्याकडे पाहावं तसं डॉक्टरबाईंनी बाबांकडे पाहिलं. "मी यांना विचारलं."

"यांना जाग आली की मला उठावंच लागतं," आई म्हणाली.

बाबा बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर हाताखाली दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा आईच उरली. उजाडायच्या कितीतरी आधी ते घरभर दिवे लावत, रेडिओ मोठ्यानं सुरू करत आणि आईच्या अंगावरचं पांघरूण ओढत. बरं, इतक्या लवकर उठून हा माणूस करायचा काय? काही नाही. चहा प्यायचा आणि काडीनं कान कोरत बसायचा. जेवण झालं की खुर्चीतच त्यांची मान कलायची, तोंड उघडं पडायचं. हटकलं तर म्हणायचे, "विचार करतोय." इतका विचार करूनही त्यांना कधी काही सुचल्याचं मला आठवत नाही. पाहुणे आले की चार तासांचं पुराण सुरू व्हायचं, आणि पाहुणे तोंडावर हात धरून जांभया द्यायचे.

"जखम भरायला मलमाइतकीच झोप लागेल," पट्टीची गाठ मारत डॉक्टरबाई म्हणाल्या. "यांना पोटभर झोपू द्या. या वेळी हातावर निभावलं."

"मी आईला माझ्या घरी नेते," मी म्हणाले.

"नेऊन काय करणार? लोळवणार?"

"हो."

"आणि माझा चहा?"

"एवढी बाटल्यांची भट्टी पेटवत होतात बाबा. गॅसही पेटेल."

माझ्याकडे आल्यावर आईला झोप येईना. आमच्याकडे कुणी तिला उठवत नव्हतं, तरी जिन्यात पाऊल वाजलं की ती दचकून उठायची, चाचपडत चपला शोधायची. "उठते हं, उठलेच!"

"अगं, कुणी बोलावलं नाही तुला."

"नाही?" ती थोडा वेळ पलंगाच्या कडेला तशीच बसून राहायची. मग ओशाळून आडवी व्हायची. हे असं बरेच दिवस चाललं. हळूहळू पावलं वाजली तरी ती नुसती कूस बदलू लागली. चेहऱ्यावरची राखेसारखी कळा गेली. एकदा तर जेवता जेवता ती माझ्या नवऱ्याच्या कसल्याशा फालतू विनोदावर ठसका लागेपर्यंत हसली.

अशाच एका दुपारी बाबा आले. शर्ट चुरगळलेला, छातीवर चहाचा डाग. दारातूनच म्हणाले, "तिला उठव. घरी न्यायला आलोय."

"आई झोपलीय."

"भर दुपारी? हात बरा झाला ना?"

"हात बरा होत आलाय. तरी झोपलीय."

"अगं, तिकडे घराचा उकिरडा झालाय! हिला काही लाज?" त्यांनी फोरमनचा आवाज लावला. "ऊठ गं! चल, आवर!"

आतून आईचा आवाज आला. "ओरडू नका. जागी आहे मी."

बाबांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. "बघ. जागीच आहे. मग चल की गं!"

"जागी आहे म्हटलं. उठते म्हटलं नाही."

असं उत्तर बाबांना आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. निदान आईनं तरी नाही. ते आवाज बराच खाली आणून म्हणाले, "आणि मग मी काय करायचं?"

"तुम्ही जागे राहा," आई म्हणाली.

पलंग करकरला. तिनं कूस बदलली असावी.

बाबा दाराशेजारच्या स्टुलावर टेकले. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं. थोड्या वेळानं आतून एक आवाज येऊ लागला. आधी बारीक, मग भरदार, संथ, कुणाची पर्वा नसलेला.

बाबांनी मान वर केली. "ही घोरते?"

मलाही ठाऊक नव्हतं.