दुकानाचा पत्ता

सुरभी पुसदला विमलकाकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. अमरावतीहून नवऱ्याच्या, सलीलच्या घरातून निघाली, तेव्हा तिनं सख्ख्या भावालाही कुठं जाते ते सांगितलं नव्हतं. डाव्या मनगटाचं मोडलेलं हाड नीट जुळलं नव्हतं. तोच त्या घरचा तिला मिळालेला आहेर.

ती भरतकामाच्या मशीनसाठी नक्षी तयार करायची. पळसाची फुलं, कापसाची बोंडं, मोर. कॉम्प्युटरवर आखायची आणि एका परदेशी वेबसाइटवर तिचं छोटंसं दुकान होतं, तिथं फाइल विकायची. घेणाऱ्या बहुतेक जर्मनी, हॉलंडकडच्या बायका. तिकडचे कायदे तिनं मन लावून पाळले होते. फाइल उतरवून घेतली की परत करता येणार नाही, याला गिऱ्हाइकाची आधी संमती घ्यायची. कर किती ते किमतीतच दाखवायचं. कुणाचा ईमेल विनाकारण साठवायचा नाही. दुकानाला तिनं 'पळस' नाव दिलं होतं, स्वतःचं कुठं दिसू दिलं नव्हतं.

मग वेबसाइटनं कळवलं, की युरोपात विकणाऱ्यानं आपलं खरं नाव, पत्ता आणि फोन दुकानाच्या पानावर उघड द्यावा. नाहीतर तिथली विक्री बंद.

ती अश्वजित वकिलांकडे गेली. बाकावर पाच-सहा माणसं बसलेली होती.

"पोस्टाचा बॉक्स चालेल का, साहेब?"

"नाही चालत. धंदा जिथं चालतो, तिथलाच पत्ता पाहिजे. खोटा टाकला तर अजून लफडं."

"पण मले माझा पत्ता दाखवायचा नाही."

"काहून?" वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "पैसे घेतात अन् तक्रार आली की गायब होतात, अशा लोकांसाठीच तर हा कायदा केला ना त्यांनी. तुम्ही कायले भेता?"

बाकावरची सगळी माणसं तिच्याकडं पाहत होती. सुरभीनं मनगट पदराखाली घेतलं. "काही नाही, सहज विचारलं," म्हणाली आणि उठली.

घरी आल्यावर तिनं काकूंना विचारलं. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. सलीलबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं.

"टाक माह्या घरचा पत्ता. चोरी थोडीच केली तू? अन् अमरावतीत बसून तो कायले जर्मनीचं दुकान पाहीन?"

सुरभीनं पत्ता भरला. पान उघडून पाहिलं, तर पळसाच्या फुलाखाली तिचं नाव, गल्ली, घरनंबर, फोन. तिनं पान लगेच मिटलं. पण पुढचे काही महिने विक्री चांगली झाली, आणि तिला रात्री झोप लागू लागली.

दिवाळी उलटल्यावर एका दुपारी ती तूर निवडत ओट्यावर बसली होती. काकू आत होत्या. फाटक वाजलं. सलील. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा.

"मोबाइलात तुहं नाव टाकलं, तं दुकानच निघालं," तो हसत म्हणाला. "साऱ्या दुनियेले पत्ता देल्ला, अन् नवऱ्यालेच नाही?"

सुरभी झटकन उठली. तूर सुपातून खाली सांडली. काकू बाहेर आल्या, दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि पोलिसांना फोन लावतो म्हणाल्या.

"लावा ना. मी काय केलं? मिठाई आणली." पुडा त्यानं ओट्यावर ठेवला. "आता काय घाई नाही, सुरभी. घर पाह्यलं मी."

पोलीस आले, तोवर तो गेला होता. हवालदारानं अर्ज लिहून घेतला आणि विचारलं, "हात लावला का त्यानं?" सुरभीनं नाही म्हटल्यावर तो जरा मोकळा झाल्यासारखा दिसला.

त्याच संध्याकाळी तिनं युरोपची विक्री बंद केली. पत्ता पानावरून गेला. हॉलंडच्या एका बाईनं निरोप धाडला, मोराची दुसरी नक्षी येणार होती ना?

"मी दुसरीकडं जातो, काकू. तुमच्या जिवाला घोर नको."

"जाशीन कुठं? तिथं काय खाशीन?"

युरोपच्या बायकांवाचून दुकान चालत नव्हतं, आणि पत्त्यावाचून त्या बायका मिळत नव्हत्या. सलीलला तर पत्ता आता पाठ झाला होता. दोन दिवसांनी सुरभीनं पुन्हा सगळं भरलं. तेच नाव, तीच गल्ली, तोच फोन. बटण दाबलं आणि मोराची अर्धी राहिलेली नक्षी उघडली.

काकूंनी ओट्याला लोखंडी जाळी बसवून घेतली. आता त्या दुपारीही आतून कडी लावतात. कडी लावलेलं दार पाहून शेजारच्या बायकांनी बसायला येणं हळूहळू सोडलं.