बटर चारी कोपऱ्यांपर्यंत

"गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा काय बघतं?" चष्मेवाल्याने विचारलं आणि वही उघडून बसला.

मी काकडी कापत होतो. म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"दरांची पाटी?"

"छे."

"मग काचेच्या कपाटातला माल."

"फडकं," मी म्हणालो. "हे, माझ्या खांद्यावरचं. पाटी माणूस नंतर वाचतो, आधी त्याची नजर फडक्यावर जाते. त्याला स्वतःला पत्ता नसतो, पण जाते. फडकं मळकं दिसलं की म्हणतो, 'आलोच हं जरा जाऊन,' आणि गेला तो गेलाच."

चष्मेवाला मनापासून हसला आणि लिहायला लागला. मीही काकडीच्या दोन चकत्या उगाचच जास्त बारीक कापल्या. एकवीस वर्षं मी या काउंटरमागे उभा होतो. 'झालं का?', 'अजून किती वेळ?', 'एक नॅपकिन जास्त द्या' एवढंच लोक मला विचारत आले. असं का करता, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

दुकान माझ्या मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. पाटीवर नाव त्याचं, गल्ल्यावर तो आणि सँडविचवर मी. माझा कारखाना बंद पडला तेव्हा त्याने मला बोलावून घेतलं होतं. "भाऊजी, दुकान माझं नाही, आपलं आहे," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला, आणि मी बावळट, ते एकवीस वर्षं खरं धरून चाललो.

चष्मेवाला दीड महिना रोज येत होता. दुपारी तीन ते चार गर्दी नसते, तेव्हा कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसायचा. एका मासिकासाठी लेख लिहितोय म्हणाला, चांगल्या सँडविचच्या दुकानात गिऱ्हाईक काय शोधतं, या विषयावर. पहिल्या दिवशी मी त्याला उडवून लावलं होतं. म्हटलं, गिऱ्हाईक सँडविच शोधतं, अजून काय शोधणार? पण तो चिवट निघाला. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून मी कापडावर पसरतो ते त्याने पाहिलं आणि विचारलं, "हे असं का करता?"

झालं. माझी गाडी जी सुटली ती थांबेचना.

टोमॅटोचं पाणी आधी काढलं नाही तर ते पावात मुरतं. म्हणून बटरही चारी कोपऱ्यांपर्यंत गेलं पाहिजे. बटर चवीला असतं असं लोकांना वाटतं, पण ते मुळात पाव भिजू नये म्हणून असतं. 'इथेच खाणार की नेणार?' हे बटर लावायच्या आधी विचारायचं, पुडकं बांधताना नाही. नेणार असेल तर टोमॅटो चीजच्या दोन चकत्यांमध्ये टाकायचा, म्हणजे तासाभरानेही पाव कोरडा राहतो. भट्टीतून आलेला गरम पाव कापायचा नाही, गिऱ्हाईक कितीही नाक वर करून वास घेत असलं तरी. आणि गर्दी असली की रांगेतल्या शेवटच्या माणसाकडे एकदा बघून मान हलवायची. माणूस दहा मिनिटं आनंदाने थांबतो, पण त्याला कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं.

हे सगळं मी घरी जाऊन बायकोला सांगायचो. "आज त्याने मानेचं लिहून घेतलं," म्हणायचो. "छापून येणार बघ आता नवऱ्याचं ज्ञान."

"बरंय की," ती म्हणायची आणि ताटातली भाजी निवडत राहायची. मला वाटायचं, कंटाळली असेल बिचारी. रोज तेच तेच काय ऐकायचं.

पुढे तर मी कमालच केली. चष्मेवाला वही माझ्याकडे ठेवून गेला. "काका, एकदा नजर टाका. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगा." दोन संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलाशी वही आणि पेन्सिल घेऊन बसलो. चुका होत्याच. बटर मधोमध टाकून बाहेर पसरावं, असं त्याने लिहिलं होतं. तसं केलं तर कोपरे कोरडे राहतात. मी ते खोडलं, बाजूला पावाचा चौकोन काढला आणि कुठून कुठे सुरी फिरवायची त्याचे बाण दाखवले. चौतीस ठिकाणी दुरुस्त्या केल्या. अक्षर मुद्दाम सुवाच्य काढलं. छापणाऱ्याचा गोंधळ नको व्हायला.

त्यानंतरच्या सोमवारी मी सकाळी सातला पोचलो, तर शटर वर. आतल्या खोलीत दिवा चालू होता. डोक्याला टोप्या घातलेल्या दोन मुली टेबलाशी उभ्या होत्या, समोर चष्मेवाला, आणि भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेला हा एवढा मोठा तक्ता. तक्त्यावर पावाचा चौकोन होता. बाण माझेच होते, फक्त आता रंगीत झाले होते. 'फडकं दर अर्ध्या तासाने बदला.' 'शेवटच्या ग्राहकाकडे पाहून मान हलवा.' मी मुकाट्याने खालपर्यंत वाचत गेलो. एकही चूक नव्हती. असणार कशी, मीच तपासून दिलं होतं.

"भाऊजी, बसा," मागून मेहुणा म्हणाला.

एकवीस वर्षांत दुकानात त्याने मला कधी बसा म्हटलं नव्हतं, तेव्हाच मी काय ते समजलो.

"आणखी तीन दुकानं काढतोय," तो म्हणाला. "सगळीकडे एकच चव पाहिजे. तुम्ही पडलात एकटे. तुमच्यासारखा दुसरा कुठून आणू?"

"आणि मी?"

"तुम्ही आता आराम करायचा. खूप केलंत. पोटऱ्यांच्या शिरा बघा कशा फुगल्यात. किती दिवस उभं राहणार?"

मी चष्मेवाल्याकडे वळलो. "लेख कधी येतोय तुमचा?"

त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. "काका, माझं कामच हे आहे. दुकानांची घडी बसवून द्यायची."

"मग मासिक म्हणालात ते?"

उत्तर मेहुण्याने दिलं. "सरळ विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं का, भाऊजी? खरं सांगा."

मी सांगितलं असतं. तेच तर माझ्या जिव्हारी लागलं. त्याने माझ्या शेजारी उभं राहून 'भाऊजी, शिकवा या पोरींना' म्हटलं असतं, तर मी त्यांचे हात धरून शिकवलं असतं आणि मग आपणहून एप्रन काढून ठेवला असता. पण हे मी बोललो नाही. बोललो असतो तर त्या पोरींसमोर रडलो असतो. एप्रन खुंटीवर अडकवला आणि निघालो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडाही मी आणि गोतही मीच.

बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. अर्ध्या वाटेत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या पोटऱ्यांच्या शिरा मेहुण्याने पाहिल्या कधी? दुकानात मी कायम फुलपँट आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे घालतो. ते मोजे मी फक्त घरी पलंगाच्या कडेला बसून काढतो, आणि तेव्हा खोलीत माझ्याशिवाय एकच माणूस असतं.

बायको स्वयंपाकघरात होती. मला त्या वेळी दारात बघून तिने 'लवकर कसे?' असं विचारलं नाही. गॅस बंद केला आणि हात पुसले.

"पायांचं त्याला कुणी सांगितलं?"

"मी."

"आणि चष्मेवाला? तो तुला माहीत होता?"

तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही. "इथे आला होता. दोन महिने झाले. भावानेच पाठवलं होतं."

"कशाला?"

"म्हणाला, काका फारसे बोलत नाहीत असं ऐकलंय. त्यांना बोलतं कसं करायचं?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, असं का करता, ते विचारा. त्यांना कुणी कधी विचारत नाही. विचारलं की बोलतात."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. मेहुणा धंद्याचा माणूस, त्याचं एक वेळ समजू शकतो. चष्मेवाला तर परका. पण हिला माहीत होतं. मी कशाचा भुकेला आहे ते हिला इतकं नेमकं माहीत होतं, आणि लग्नाच्या एकतीस वर्षांत हिने मला एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं कसं ते मात्र दुसऱ्याला शिकवून मोकळी झाली.

"झोपेत कण्हता तुम्ही," ती म्हणाली. आता तिचाही आवाज फाटला. "रोज. मी ऐकते. आपणहून थांबला असतात तुम्ही? मेला असतात त्या काउंटरमागे उभ्या उभ्या."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

भाऊ-बहीण शोभत होते अगदी. दोघांनीही माझी उत्तरं परस्पर देऊन टाकली होती. मी बूट पुन्हा पायात घातले, जिना उतरलो, आणि जायला कुठे जागाच नाही हे रस्त्यावर आल्यावर कळलं. दोन चौक चाललो. पाय दुखायला लागले म्हणून परत आलो. तिने ताट वाढलं, मी जेवलो. आमच्यात भांडण असं झालंच नाही. फक्त त्या दिवसापासून मी मोजे आंघोळीच्या खोलीत जाऊन काढायला लागलो.

दहा दिवस घरात काढले. अकराव्या दिवशी दुकानाकडे गेलो. खोटं कशाला बोलू, चूक शोधायलाच गेलो होतो. रांग आखूड झालेली बघायची होती. कुणीतरी तोंड वाकडं करून 'ते काका कुठे गेले हो?' असं विचारतंय, हे माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

रांग दारापर्यंत होती. मी शेवटी जाऊन उभा राहिलो. गल्ल्यावर मेहुणा नव्हता, नव्या दुकानाकडे गेला असावा. काउंटरमागे तिसरीच एक मुलगी होती, मला न ओळखणारी. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली. मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच इतका राग आला की मी निघूनच जाणार होतो. पण पाय हलले नाहीत.

पुढच्या बाईला तिने दिलेलं सँडविच मी बघत होतो. बटर कोपऱ्यापर्यंत होतं, टोमॅटो कोरडा होता. माझ्याबद्दल कुणी काही विचारत नव्हतं. लोक येत होते, घेत होते, खुशीत जात होते. रोजचं गिऱ्हाईक असलेला औषधवाला तर माझ्या अंगाला अंग घासून बाहेर पडला, तोंडात घास होता, आणि 'सॉरी हं' म्हणाला. एप्रनशिवाय त्याने मला कधी पाहिलं नव्हतं.

माझी पाळी आली.

"या काका. इथेच खाणार की नेणार?"

"इथेच."

"काय देऊ?"

मी तोंड उघडलं आणि काही सुचेना. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला काय लागतं, औषधवाल्याला काय चालत नाही, बँकेतल्या दोघी बहिणींपैकी कुणाला अंडं आवडतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मला काय आवडतं? एकवीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभ्यानेच खाल्लं, आणि जे कापून बाजूला पडायचं तेच खाल्लं. अख्खं सँडविच मागवून, समोर घेऊन, मी कधी खाल्लंच नव्हतं.

"काका?"

मागे कुणीतरी खाकरलं.

"कडा आहेत का?" मी विचारलं. "पावाच्या. कापलेल्या."

मुलगी क्षणभर गोंधळली. तक्त्यावर हे नव्हतं. मग तिचा चेहरा उजळला. "कुत्र्यासाठी हव्यात?"

"हो," मी म्हणालो.

"त्या आम्ही टाकून देतो, पण थांबा हं." ती खाली वाकली, कागदाची पिशवी भरली आणि तिचं तोंड दोनदा दुमडलं. "पैसे नकोत. उद्याही या, वेगळ्या काढून ठेवीन."

मी पिशवी घेतली, तिला थँक्यू म्हटलं आणि मागच्या माणसाला पुढे यायला जागा करून दिली.