समईतून निवळलेलं दूध

शुक्रवारी सकाळी आमच्या तमिळ मुलखातल्या गावी, महामहम तळ्यामागच्या कल्याणमंडपात, लग्नाच्या त्या मोठ्या दालनात, पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध नाचियार्कोविलच्या कारागिरांनी ओतलेली पुरुषभर उंच पितळी समई उभी. दुग्धानंद स्वामींनी वरच्या पात्रात घागरभर दूध ओतलं. श्रुतीपेटी एका सुरात घुमत होती. थोड्या वेळानं समईच्या पायातल्या गोमुखातून धार लागली, ती पांढरी नव्हे, पाण्यासारखी निवळ, किंचित पिवळसर. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"विस्तव नाही, लिंबू नाही," स्वामी म्हणाले. "दुधातलं जडत्व देवी प्याली. उरलं ते अमृत, तुमच्यासाठी."

मग लांबलचक यादी. अंगातली उष्णता, सांधेदुखी, शनीची दृष्टी, पोरीचं अडलेलं लग्न, सगळं एका बाटलीत. देवी एवढं दूध पीत होती आणि पोट मात्र स्वामींचं सुटत होतं.

मी सुरेंद्र. गावाबाहेरच्या दूध कारखान्यात, प्रयोगशाळेत अकरा वर्षं आहे. घरी आमची जुनी तंजावरी मराठी, दाराबाहेर तमिळ. या समईची कीर्ती दोन महिने कानावर येत होती आणि मी डबा खाताना तिची टिंगल करून मित्रांना हसवत होतो. त्या दिवशी सहज गंमत बघायला गेलो. तळहातावरचं अमृत चाखलं. गोडसर, जरा खारट. हे तर आमच्या कारखान्यात रोज टाक्या भरभरून निघतं! मला हसू आलं.

तेवढ्यात पहिल्या ओळीत माझी धाकटी बहीण अंबुजा दिसली. तिचं सासर तिरुनीलक्कुडी गावी. दोन महिन्यांत आमची गाठ नव्हती. मांडीवर तिची चौदा महिन्यांची सौंदर्या. स्वामी पोरीकडे बोट दाखवून सांगत होते की दूध, दही, डाळ सगळं बंद, फक्त अमृत आणि तांदळाची पेज, आणि बघा पोर कशी भरली आहे ती. बायका तिचे गाल कुरवाळत होत्या.

मी जवळ गेलो. पोरीचे केस विरळ, तांबूस झाले होते. तिच्या गुबगुबीत पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. ते बाळसं नव्हतं, सूज होती. अंगात प्रथिन उरलं नाही की असं पाणी साचतं. पोर रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

आत्ताच्या आत्ता इस्पितळात चल, असं मी अंबुजाला सांगितलं. तिनं पोरीला पदराआड घेतलं.

"अण्णा, हिच्या अंगभर पुरळ होतं. तुझ्या डाक्टरानं चार मलमं दिली, गेलं काय? इथं गेलं."

पुरळ खरंच गेलं होतं. पोरीला दुधातलं प्रथिनच सोसत नसणार. मग ते बंद होताच पुरळ जाईल, नाही तर काय! पण प्रथिन दुसऱ्या कशातून द्यायचं असतं, डाळही तोडायची नसते. हे त्या गोंगाटात कसं समजावू?

मी मंडपातल्या आचाऱ्याची शेगडी मागून घेतली. एका पातेल्यात साधं दूध, दुसऱ्यात अमृत, दोन्ही उकळून लिंबू पिळलं. दूध फाटलं. अमृत तसंच. बघा, म्हटलं, यात फाटायला काही उरलंच नाही, पोरीचं अंग कशानं वाढायचं?

पण आमच्याकडे दूध फाटणं म्हणजे अपशकुन. लिंबानंही न फाटणारं दूध पाहून गर्दीनं पुन्हा हात जोडले. स्वामी नुसते हसले. त्यांची जाहिरात मीच फुकटात करून दिली होती. कपाळावर हात मारला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. श्रुतीपेटी बंद केली. तरीही घूं घूं चालूच होती. समईखालचं भगवं कापड ओढलं. आत बॅटरीवर चालणारी छोटी मोटर, आणि समईच्या पोकळ दांड्यात आम्ही भंगारात टाकतो तसली गाळण्याची नळी. तिच्यातल्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक की पाणी, साखर नि क्षार पलीकडे जातात, प्रथिन आणि स्निग्धांश अलीकडेच अडतात. दूध घट्ट करायला तापवून आटवावं लागत नाही, म्हणून कारखान्यात याला वीज कमी लागते. वीज वाचवायची युक्ती, तिचा या माणसानं देव केला. अडलेलं घट्ट दूध दुसऱ्या नळीनं मागच्या मुदपाकखान्यात जात होतं. तिथं कढईत खवा आटत होता.

स्वामी जराही डगमगले नाहीत. "यंत्रातही तीच आहे, बाळा," म्हणाले. रांगेतली निम्मी माणसं जागची हलली नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी.

अंबुजा मात्र कढईपाशी गेली. देवी प्याली म्हणायचे ते सगळं तिथं आटत होतं. तिनं पोरीला माझ्या हातात दिलं.

इस्पितळात आज सहावा दिवस. सूज थोडी उतरली, पण छातीत जंतुसंसर्ग आहे. डॉक्टर शिवकामी म्हणतात, यकृत थकलंय, अन्न थेंबाथेंबानं वाढवावं लागेल, खात्री देता येत नाही. दुधातलं प्रथिन ग्रॅमवर मोजणारा मी, खाटेशेजारी नुसता बसून आहे.

काल अंबुजानं विचारलं, "अण्णा, तुज हे सगळं ठाव होतं. मग दोन महिने कुठं होतास?"

कुठं होतो? डबा खात हसत होतो.

म्हणून सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा, जे नाहीसं झालं ते गेलं कुठं? आजारी लेकराला डॉक्टरकडे न्या. एकानं गुण आला नाही तर दुसऱ्याकडे न्या. आणि ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्यांनी हसत बसू नका. त्याच दिवशी जाऊन सांगा. मी गेलो नाही.