खंडेनवमीचं पाणी

आरएनए म्हणजे पेशीतला लांबलचक धागा. त्यात आमचा आरएनए लई आगाऊ. बाकीच्यांना कापायला बाहेरून कुणीतरी यावं लागतं. ह्यो बाबा स्वतःच घडी घालून बसतो आन् स्वतःला एकाच जागी कापून घेतो. कसा कापतो, हेच शोधायला मी चिंताकीहून कडगंचीच्या विद्यापीठात आलेय. माझं म्हणणं एवढंच, की कापायच्या जागेपासून लांब एक ऑक्सिजन हाय, त्याच्याबिगर ह्याचं पान हलत न्हाई.

विजयेंद्रसर, माझे गाईड, त्यांना ते पटंना. "तेवढा ऑक्सिजन काढून आरएनए बनव," ते म्हणाले. "तरीही कापला, तर हा विषय सोड."

विषय सोड म्हणे! मग इतके दिवस मी काय गवऱ्या थापत बसले होते?

बनवला. दसऱ्याची सुट्टी संपल्या संपल्या दोन्ही आरएनए जेलवर, म्हणजे लहान-मोठे तुकडे वेगळे करणाऱ्या थरावर, शेजारी-शेजारी पळवले. ऑक्सिजनवाल्याचे दोन तुकडे दिसायला पायजेत, बिनऑक्सिजनवाला अख्खा राह्यला पायजे. बघते तर दोन्हीकडं वरपासून खालपर्यंत नुसता धुरासारखा फराटा!

"कापला की गं," सर म्हणाले.

"व्हय सर, पण ह्यानं न्हाई कापला. हा कापला तर एकाच जागी कापतो. हितं भुगा झालाय. बाहेरचं कुणीतरी घुसलंय."

माणसाच्या बोटांवर आरएनए खाणारं रसायन असतं, म्हणून तर सर हातमोज्यांवरून सगळ्यांना फाडून खातात. मी दुसरा एक साधा आरएनए घेतला, ज्याला स्वतःला कापायचं ठाऊकच न्हाई. त्या रसायनाबिगरचं आमचं खास पाणी असतं, दोन्ही आरएनएत वापरलेलं; त्याच बाटलीतलं ह्यात घातलं. त्याचाबी भुगा.

"ह्या बाटलीत कुणी हात घातला?" मी लॅबभर ओरडले.

शेजारच्या टेबलावरची नेत्रा हळूच सरांकडं बघायली. सर चष्मा पुसायले.

"खंडेनवमीला मशिनींची पूजा केली ना," ते म्हणाले, "तेव्हा शिंपडायला घेतलं थोडं."

"बोटं बुडवून?"

"आंब्याचं पान बुडवलं. बोटंही बुडाली असतील."

"सर, नळ हाय की हितं!"

"अगं, देवाच्या कामाला नळाचं कसं घ्यायचं? लॅबमध्ये सगळ्यात चांगलं तेच होतं."

हातमोजे न घालता नुसती बाटली उचलली तरी अंगावर येणारा माणूस हा! हसावं का रडावं, मला कळंना. नेत्रा तर टेबलाखाली वाकून हसायलती.

नवी बाटली उघडली, सगळं पुन्हा केलं. या खेपेला सर खिशात हात घालून लांब उभे. जेलचा फोटो आला. ऑक्सिजनवाल्याचे दोन तुकडे लख्ख. आन् माझा, बिनऑक्सिजनवाला, अख्खाच्या अख्खा!

सरांनी खिशातनं हात काढला आन् फोटो डोळ्यांजवळ धरला.

"पल्लवी, मी चुकलो," ते म्हणाले.

"जाऊ द्या सर, पाणी काय, दुसरं आणता येतं."

"पाण्याचं नाही म्हणत गं. ऑक्सिजनचं म्हणतोय."

मग मात्र मला रडूच फुटलं.