न सारवलेली भिंत

त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस. साल एकोणऐंशी, पोळा होऊन चार दिवस झालेले. चंद्रकांता आरशापुढे वेणी घालत होती आणि तिचं लक्ष आरशामागच्या भिंतीकडे गेलं. हिवतापाच्या फवारणीवाल्यांनी आठवड्यापूर्वी अख्खं सानगडी गाव फवारलं होतं. मातीच्या भिंतींवर पांढुरके ओघळ वाळून बसले होते. दाराशी गेरूनं तारीख लिहून फवारणीवाला टिकाराम बजावून गेला होता, "अडीच महिने भिंतीले हात लावू नका जी. मच्छर भिंतीवर बसते अन् मरते. सारवलं का औषध गेलं."

दुसऱ्या दिवशी शहापूरचे पाहुणे चंद्रकांताला पाहायला येणार होते.

"माय, हे असं घर दाखवाचं त्याहिले?"

धुरपता तांदूळ निवडत होती. तिचा नेटकेपणा गावाला ठाऊक होता. दर गुरुवारी रांजण उपडा करून उन्हात वाळवायची, मोरीत पाणी साचू द्यायची नाही. पाच वर्षांत त्या घरात कोणी तापानं पडलं नव्हतं.

"टिकाराम नाही म्हनला ना बाई."

"टिकारामचं काय जाते? शहापूरचे लोक शिकलेले हायेत. मले लाज वाटून राहिली."

"एवढी पुस्तकं वाचते तू. तुले तं जास्त समजाले पायजे." धुरपता हसली. "पावन्याहिले सांगू, सरकारनं रंगवून देल्लं म्हना."

चंद्रकांता हसली नाही. "मंग मी समोर येतच नाही."

धुरपतानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. सूप बाजूला ठेवलं आणि पांढरी माती भिजत घातली. सांजेपर्यंत भिंतींवरून पोतेरा फिरला, घर उजळलं. जागेश्वर शेतातून आला आणि दारातच बायकोवर डाफरला, "आली का तुही सफाई अंगात?"

"माह्या हाताले चैन पडत नाही जी," धुरपता म्हणाली.

चंद्रकांता चुलीपुढे होती. तिनं मान वर न करता फुंकणी उचलली आणि जाळ फुंकला.

पाहुणे आले, चहा पिऊन गेले, निरोप आलाच नाही. पंधराव्या दिवशी धुरपताला थंडी वाजून ताप भरला. हिवतापवाले तिच्या बोटातलं रक्त तपासायला काचेवर घेऊन गेले. त्याचं उत्तर येण्याआधीच ताप मेंदूत गेला आणि भंडाऱ्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली.

वर्ष सरत आलं. चंद्रकांता लाखांदूरच्या शाळेत मास्तरीण झाली होती. वर्षश्राद्धाला दोन दिवस असताना ती एसटीतून उतरली, तेव्हा गल्लीत पुन्हा फवारणी चालू होती. एका ओसरीवर टिकाराम सांगत होता, "धुरपताबाईवानी करू नका जी. सफाईपायी गेली बिचारी." तो हे दर घरी सांगायचा, आणि लोकांच्या भल्यासाठीच सांगायचा. चंद्रकांतानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मान खाली घालून पुढे झाली. तिला पाहून टिकाराम ओशाळला. "तुमचं घर उद्या हाये, बाई. सामान काढून ठेवजा."

दारात शेजारची रंभाबाई भेटली. "तुहा बाप झाडूले हात लावू देत नाही वो. मी गेली झाडाले, तं झाडू अंगनात भिरकावला."

आत जमिनीचे पोपडे निघाले होते. कोपऱ्यांत जाळी लोंबत होती. रांजणाच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. जागेश्वर खाटेवर बसून खोकत होता. वर्षभरात त्याच्या गालांची हाडं वर आली होती.

"बाबा, आज सारवून घेतो. उद्या त्याच्यावर फवारा बसन. मंग दोन्ही होते, सफाई बी अन् औषध बी."

"या घरात पोतेरा फिरनार नाही."

"श्राद्ध हाये मायचं."

"सफाईनं खाल्लं तिले. आता तू नोको शिकवू."

तिनं रांजण कलंडवला. पाणी अंगणात पसरलं, तसा जागेश्वर उठून उभा राहिला.

"कायले सांडलं?"

"अळ्या हायेत. याच्यातूनच मच्छर होते, बाबा. माय दर गुरुवारी वाळवत होती."

"मंग मेली काहून?" त्याचा आवाज फाटला. "तुही पुस्तकं काय सांगतात? एवढं वाळवलं, एवढं झाडलं, मंग मेली काहून?"

तिनं झाडू उचलला. त्यानं दुसरं टोक धरलं. दोघांनीही तो आपापल्याकडे ओढला. मग तिनं हात सोडला आणि मागच्या खोलीत गेली.

ती तिची खोली. फवारणीसाठी भिंत मोकळी करायची म्हणून तिनं पुस्तकांची पेटी ओढली, मग खाट सरकवली, आणि तिथंच थांबली.

खाटेच्या लांबीइतकी भिंत सारवलेली नव्हती. वर्षापूर्वीचे पांढुरके ओघळ जसेच्या तसे होते. भोवती पोतेऱ्याची कड, आणि कडेवर चार बोटांचे वळसे. हात तिथपर्यंत आला होता आणि समजून उमजून वळला होता. धुरपता स्वतः मधल्या खोलीत निजायची. तिथली भिंत तिनं वीतभरही सोडली नव्हती, कारण पाहुणे तिथंच बसणार होते.

चंद्रकांतानं त्या वळशांवर बोटं ठेवली. बाहेर टिकारामच्या पंपाचा आवाज शेजारच्या घरापर्यंत आला होता. उद्या तो या दारातही 'सफाईपायी गेली' असंच बोलणार होता.

ती बाहेर आली. जागेश्वर झाडू धरून तसाच उभा होता.

"बाबा," ती म्हणाली, "मायले सारं समजत होतं. माय नाहीच म्हनत होती. मी अडून बसली, पावन्यांपायी. पोतेरा मी माराले लावला."